गठ्ठूचा कठडा

गप बसा जरा, मी बोलतोय. इकडंतिकडं काय बघता? दाराआड भिंतीला टेकून उभा आहे तो लोखंडी कठडा. मघाशी आत येताना ज्यानं तुमचा पायजमा हळूच धरला आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणालात, तोच मी. रागावू नका. म्हातारपणी एवढीच करमणूक उरली आहे.

वय विचारू नका, गंजावरून ओळखा. जन्माला आलो तेव्हा मी गोल होतो आणि पुरुषभर उंच होतो. एका प्राथमिक शाळेच्या खिडकीबाहेर कडुलिंबाचं रोप लावलं होतं. ते शेळ्यांनी खाऊ नये म्हणून मला त्याच्याभोवती उभं केलं. माझ्या पोटावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर देणगीदारानं आपल्या वडिलांचं नाव घातलं होतं आणि खाली ठसठशीत ‘यांच्या स्मरणार्थ’. रोप वीतभर, पाटी हातभर.

शिक्षण म्हणाल तर तिथंच झालं, खिडकीबाहेर. चौथीचा वर्ग. तेराचा पाढा मला तेर सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत येतो. पुढं ऊन आत यायचं म्हणून गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. त्यामुळं माझं सगळंच ज्ञान अर्धं आहे, पण ठणठणीत आहे. पूर्ण शिकलेले बिचारे घाबरत घाबरत बोलतात. आम्हा अर्धवटांना कसली भीती?

लिंब वाढला, शेळ्यांच्या तोंडाला लागेना झाला, तसं मला काढून भंगारात टाकलं. तिथं तीन उन्हाळे मी एका कूलरशेजारी काढले. सोलापूरचा उन्हाळा, शेजारी कूलर, आणि तोही मोडका! यापेक्षा मोठी थट्टा मीही जन्मात कुणाची केलेली नाही.

आता माझे धनी सांगतो. गुरुसिद्धप्पा त्यांचं नाव, पण सगळं गाव अप्पाच म्हणतं. नव्या पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. चाळीस वर्षं गादीवर बसून बोलले, बोलले, बोलले. गिऱ्हाईक रुमाल घ्यायला यायचं आणि डझनभर टॉवेल घेऊन, स्वतःला शहाणं समजत जायचं. गेल्या वर्षी छातीत कळ आली. दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि अप्पा घरी बसले. बसले म्हणजे बसलेच. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. अप्पा चालायचे की, आरामखुर्चीपासून चहापर्यंत. बोलायला कुणी नाही. दूधवाल्याला टॉवेलाचा पन्हा समजावून सांगायचे. मग दूधवाला पिशवी दारातच ठेवून पळायला लागला.

त्यांच्या मंडळी दानम्मा. सकाळी फरशी पुसायची, पूजा करायची, पुन्हा फरशी पुसायची. घरातल्या शहाबादी फरशीत तोंड बघून भांग पाडावा, इतकी लख्ख. अप्पांनी पाय खाली ठेवायचा तर आधी तिकडून परवानगी.

एके दिवशी अप्पा ‘सहज’ दुकानाच्या गोदामात गेले आणि काखेत टॉवेलाचं गाठोडं घेऊन घरी आले. पुढचं मला त्या आरामखुर्चीनं सांगितलं. लाकूड पोटात काही ठेवत नाही.

“काय आणलंत?” दानम्मा.

“सेकंड माल हाय.”

“मग हलतंय कशानं?”

अप्पांनी गाठोडं सोडलं. आतून एक तांबूस पिल्लू निघालं. एक कान उभा, एक आडवा. गोदामात टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागं एका कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. तीन कुणी कुणी नेली, हे उरलं. म्हणून नाव गठ्ठू. गठ्ठूनं दानम्मांकडं पाहिलं, शेपूट हलवली आणि त्या लख्ख फरशीवर आपली सही करून टाकली.

“अय्यो! साकु, साकु! पुरे झालं! बाहेर काढा त्या नायीला!” दानम्मांना राग आला की मराठी पुरत नाही, मग कानडी काढतात. नायी म्हणजे कुत्रं.

अप्पांनी पिल्लू उचललं. एवढा बोलका माणूस, पण पिल्लू छातीशी धरून नुसता उभा राहिला. बायकोला ते बघवलं नाही. पण फरशीही बघवेना. मग त्यांनी निवाडा दिला, “शिवशरण तीन आठवड्यांनी ज्वारी घेऊन येतोय. तोवर त्यानं जागच्या जागी करायचं शिकलं तर राहू दे. तो असताना घरात कुटं घाण केली, तर त्याच्याच टेम्पोत घालून मंद्रूपला. तिकडं शेतावर राखणीला कुत्रं हवंच हाय त्याला.”

शिवशरण म्हणजे दानम्मांचा धाकटा भाऊ, अप्पांचा मेहुणा. माणूस वाईट नाही. पण शेतावरचं कुत्रं साखळीला असतं आणि साखळी अप्पांच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

लेक सिद्धेश्वरी पुण्याला असते. तिनं फोनवर तोंड दाखवून सांगितलं, “अप्पा, प्लेपेन मागवा, पिल्लाभोवती मांडायचं कुंपण. त्याला कोंडायला नव्हं. घरभर मोकळा सोडला तर त्याला कुटंही करावंसं वाटणार. थोडक्या जागेत ठेवा, एका कोपऱ्यात अंथरूण, पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात शू-शीची जागा. लक्ष राहील तेवढाच वेळ बाहेर काढा.”

पण आयतं काही मागवतील तर ते अप्पा कसले! ते गेले सोमेशच्या वेल्डिंगच्या दुकानी आणि बाहेरच्या भंगारात मी दिसलो. सोमेशनं माझे आठ चौकोनी तुकडे केले, कडेला बिजागऱ्या बसवल्या, एका तुकड्याला कडी लावून दार केलं आणि हिरवा रंग फासला. म्हातारपणी नवरदेव झालो हो मी!

घरात मांडून झालं. गठ्ठू आत बसला. दानम्मा बघायला आल्या, चष्मा लावला आणि किंचाळल्या. सोमेशनं माझी पाटी तशीच ठेवली होती. नाव पुसलं गेलं होतं, पण पिल्लाच्या बरोब्बर डोक्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’!

“अवो, जित्या जिवाच्या डोक्यावर हे काय लावलंय? काढा आदी!”

मी मनात हसलो. काल ज्याला बाहेर काढा म्हणत होत्या, आज त्याच्या आयुष्याची काळजी. बायका अशाच हरतात, आणि हरल्या हे शेवटपर्यंत कबूल करत नाहीत.

आता येते खरी गंमत. लेक म्हणाली होती, शू-शीच्या जागी पेपर अंथरा. अप्पांच्या घरात पेपर म्हणजे देव. सकाळी ते वाचतात, दुपारी कोडं सोडवतात, संध्याकाळी उत्तरं बघून कोडं चुकल्याचं कळतं, आणि मग तो दानम्मांच्या भांड्यांच्या फळीवर जातो. अंथरायला उरतो कुठं?

“पेपर कशाला?” अप्पा म्हणाले. “घरात सेकंड मालाचे टॉवेल ढिगानं पडलेत की. मऊ हायत, शोषून घेत्यात, धुतले की पुन्हा तयार.”

दानम्मांनाही पटलं. लाल काठाचे पांढरे टॉवेल. एक घडी करून कोपऱ्यात अंथरला. मीही म्हटलं, वा! तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. सांगितलं ना, खिडकी लवकर लागायची.

पहिला आठवडा मी लई हसलो. गठ्ठू अंथरुणावर करायचा, पाण्याच्या भांड्यात पाय घालायचा, टॉवेलावर मात्र झोपायचा. अप्पा दार असताना माझ्यावरून टांग टाकून आत यायचे. सगळी माणसं असंच करतात. कडी काढायला दोन बोटं लागतात, टांग टाकायला सगळा जन्म पणाला लागतो, तरी टांगच टाकतात. मग मी काय करणार? लुंगी धरायचो. एकदा अप्पा निम्मे आत, निम्मे बाहेर, लुंगी माझ्या टोकाला, आणि गठ्ठू खालून पायाचा अंगठा चावतोय. दानम्मांनी ते चित्र फोनमध्ये काढून लेकीला पाठवलं. सोडवलं त्यानंतर.

पण शिकवणं काय असतं, ते मी त्या घरात बघितलं. अप्पा नुसते भाषण द्यायचे. “गठ्ठूशेठ, शू करा. करा की. चांगल्या घरचे हायसा तुमी.” गठ्ठू मान वाकडी करून ऐकायचा आणि भाषण संपलं की दुसरीकडं करायचा.

दानम्मा बोलत नव्हत्या, बघत होत्या. ज्यांनी आयुष्यभर दुधावर नजर ठेवली, त्यांना उतू जायच्या आधीचा क्षण कळतो. झोपून उठला की, खाल्लं की, खेळून दमला की, गठ्ठू नाक जमिनीला लावून गोल फिरायचा. एक, दोन, तीन गिरक्या. तिसरी पुरी व्हायच्या आत दानम्मा त्याला उचलून टॉवेलावर ठेवायच्या. झालं की शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा आणि हळूच, “छलो आत.” म्हणजे छान झालं. चुकलं तर ओरडायच्या नाहीत, नुसतं लिंबाच्या पाण्यानं पुसून टाकायच्या. आणि हे सगळं अप्पा दुपारी घोरत असताना. जागे झाले की पुन्हा, “ह्या नायीनं माझा जीव खाल्ला!”

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गठ्ठू पक्का झाला. माझं दार उघडं ठेवलं तरी घरभर फिरून यायचा आणि वेळ आली की धावत टॉवेलावर. तीन गिरक्या, काम, भाकरीचा तुकडा. अप्पांची छाती फुगली. न्हाव्याला सांगितलं, पुतण्याला सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं, आणि तो या वेळी थांबून ऐकत राहिला, कारण विषय टॉवेलाचा नव्हता. निदान त्याला तसं वाटलं. शिवाय रोज सकाळी गठ्ठूला काखेत मारून अप्पा कोपऱ्यापर्यंत फिरून यायला लागले. डॉक्टरांना जे जमलं नाही, ते दीड किलोच्या पिल्लानं केलं.

आला शिवशरणांचा दिवस. पोती ठेवायला जागा हवी, पंगतीला जागा हवी. अप्पा म्हणाले, “आता कठडा कशाला? पोरगं तयार झालं. घडी करून ठेवा.” मला मिटून दाराआड उभं केलं. दानम्मांनी कोपऱ्यातला टॉवेल धुऊन गच्चीवर वाळत घातला. पाहुण्यांसमोर घर कसं लख्ख हवं!

शिवशरण आले. धोतर, मिशी, आवाज असा की फळीवरची भांडी वाजावीत. “काय दाजी, कुत्रं पाळलंय म्हनं? का कुत्र्यानं तुमाला पाळलंय?”

“दोन्ही चाललंय,” अप्पा म्हणाले.

ज्वारीची पोती आत आली, भिंतीला लागली. शिवशरण सतरंजीवर मांडी घालून बसले. गठ्ठू त्यांना हुंगून आला, पोत्यांना हुंगून आला. अप्पा ऐटीत, “फिरू द्या त्याला मोकळं. काय न्हाय करत. शिकवलाय मी.”

स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. ‘मी’ म्हणे!

आणि मग मला दिसलं. जेवण होऊन गठ्ठू नाक जमिनीला लावून माझ्या जुन्या कोपऱ्याकडं गेला. तिथं नुसती फरशी. फिरून आला. मोरीपाशी पायपुसणं होतं, ते सोडून दिलं. चटई होती, सोडून दिली. पुन्हा कोपऱ्यात गेला, बारीक आवाजात कुंईकुंई केलं आणि माझ्याकडं बघितलं. बिचारं इतकं आवळून धरत होतं की शेपूट थरथरत होती. मी हलायचा प्रयत्न केला. खरं सांगतो, आयुष्यात एकदाच खोडी म्हणून नव्हे, तर मनापासून कुणाच्या तरी पायात पडावंसं वाटलं.

नेमकं त्याच वेळी अप्पा उठले. टॉवेल-टोपीशिवाय या घरातून पुरुष माणूस रिकामा जात नाही, आणि हा तर सख्खा मेहुणा. कपाळाला विभूती लावली, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर कोरा करकरीत टॉवेल. पांढरा, लाल काठाचा. शिवशरणांनी रीतीप्रमाणं नमस्कार केला, टॉवेल खांद्यावरून काढला, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवला.

गठ्ठूनं तो बघितला. काय आनंद झाला हो त्याला! भर बाजारात हरवलेल्याला घर दिसावं तसा धावला, मांडीवर चढला, एक गिरकी, दोन गिरक्या, तीन गिरक्या.

शिवशरणांना वाटलं, पोरगं लाडात आलंय. “बघा दाजी, मला वळखलं बघा यानं...” आणि पुढचं वाक्य ओलं झालं.

“आरं आरं आरं! दाजी, ह्यो आहेर मला हाय का कुत्र्याला?”

टोपी उडाली, धोतर पसरलं, मिशी थरथरली. गठ्ठू मात्र काम आटोपून, मांडीवरच बसून दानम्मांकडं बघत होता. भाकरीचा तुकडा कुठाय म्हणून.

मी हसणार होतो. मग अप्पांकडं बघितलं आणि हसू आत गेलं. ते पांढरे पडले होते. त्यांनी गठ्ठूला उचललं, त्याची वाटी घेतली, अंथरूण काखेत मारलं. दारापाशी येऊन म्हणाले, “ठरलं ते ठरलं. न्या. फकस्त पहिले चार दिवस साखळी लावू नका. त्याला सवय न्हाय.” आणि चपला न घालताच टेम्पोकडं निघाले.

“थांबा!” दानम्मा.

त्या सतरंजीपाशी आल्या. वाकून चटई बघितली, पायपुसणं बघितलं, पोती हात लावून बघितली, मोरीपासून कोपऱ्यापर्यंत फरशी बघितली. सगळं कोरडं.

“शिवशरण, त्यानं कशावर केलं?”

“माझ्या मांडीवर, अक्का! दिसत न्हाय का?”

“मांडी न्हाय दिसली त्याला. टॉवेल दिसला. एवढं घर पडलंय, कुटंही केलं असतं. न्हाय केलं. धरून ठिवलं लेकरानं, टॉवेल सापडंपर्यंत.” मग अप्पांकडं वळून, “कोपऱ्यात टॉवेल घालायची अक्कल कुणाची? आणि तोच टॉवेल पाव्हण्याच्या अंगावर घालायची कुणाची? पोरगं पास हाय. मास्तर नापास.”

शिवशरण ओल्या धोतरात उभे. “म्हंजे मला टेम्पोत बसून एकट्यानंच जायचं व्हय?”

“धोतर बदल, मग जा. आणि टॉवेल दुसरा देते.”

“नको अक्का,” शिवशरण हात जोडून म्हणाले, “मला टोपीच बास.”

अप्पा अजून दारातच होते. त्यांनी अंथरूण खाली ठेवलं, वाटी खाली ठेवली, गठ्ठूला मात्र ठेवलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून ते बराच वेळ तारीख बघत राहिले. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला पुन्हा मांडलं आणि शिकवणी उघडउघड दानम्मांकडं आली. टॉवेल निम्मा कापला. मग त्याचा निम्मा. तो तुकडा रोज थोडा थोडा दाराकडं सरकवला, मग उंबऱ्याबाहेर, मग अंगणात पेरूच्या बुंध्याशी. शेवटी हातरुमालाएवढा उरला, तो एक दिवस काढूनच टाकला. गठ्ठूनं माती हुंगली, दानम्मांकडं बघितलं, तीन गिरक्या मारल्या. “छलो आत!” या वेळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

पुढं गठ्ठू माझ्यावरून उडी मारायला लागला, तसं मला पुन्हा मिटून दाराआड ठेवलं. सकाळी तो पुढं, अप्पा मागं, आणि कोपऱ्यावरून कधी येतात याची वाट बघत दानम्मा फाटकात. मी भिंतीला टेकून नवीन कोण येतंय ते बघत असतो, पायजमे मोजत.

पण काल फोन आला. अप्पांनी आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आलं. मंद्रूपहून शिवशरण.

“दाजी, मी पन एक पिल्लू आनलंय. घरात ठिवायचं म्हनत्यात घरची. तुमचा त्यो कठडा द्या की लावून.”

“देतो की. पण खाली अंथराल काय?”

“तुमच्यावानी टॉवेल न्हाय आमच्याकडं. ज्वारीचं बारदान हाय की ढिगानं. मी तर जेवायला बी बारदानाची घडी करूनच बसतो. मऊ असतंय.”

अप्पांनी फोनवर हात ठेवला. स्वयंपाकघराकडं बघितलं. दानम्मा तिथं नव्हत्या, पेरूपाशी होत्या. मग अप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

“बारदान झकास,” अप्पा म्हणाले. “बारदानच घाला.”

तर मंडळी, निघतो आता. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजतोय. तुम्ही म्हणाल, अरे म्हाताऱ्या, त्यांना सांग की. कसं सांगू? मी लोखंडाचा. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. टेम्पोवाल्याला निरोप द्या, मला मंद्रूपला उभं करताना जरा नीट जागा बघून करा म्हणावं. शिवशरण जिथं जेवायला बसतात, बरोब्बर त्याच्या समोर.